टेस्टर पेटला नाही, एवढ्यावरच?

वीस-तीस रुपयांत मिळणाऱ्या, शर्टाच्या खिशाला क्लिपने अडकणाऱ्या, अर्धा स्क्रू ड्रायव्हर आणि अर्धा दिवा असलेल्या त्या टेस्टरवर माझा जुना राग आहे आणि आज तो मी काढणार आहे. ज्यांना टेस्टर म्हणजे वायरमनकीचं भूषण वाटतं त्यांनी खुशाल रागवावं. धाराशिव जिल्ह्यात असे लोक शिवारागणिक सापडतील. माझं मोटारी भरायचं दुकान आहे. जळालेली मोटार घेऊन आलेला माणूस आधी तक्रार सांगतो, मग भाव विचारतो आणि मग न विचारता छातीठोकपणे सांगतो, "टेस्टर लावून बघितला की, करंट नव्हता." कधीकधी हे वाक्य सांगायला तो स्वतः येत नाही. त्याचा भाऊ येतो.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. टेस्टर पेटला तर करंट आहे असं धरून लांब व्हा, इथपर्यंत ठीक. टेस्टर पेटला नाही म्हणून करंट नाही असं धरून हात घालणं हा वेडेपणा आहे. हा वेडेपणा आपल्याकडं शिकवला जातो, विकला जातो आणि माणूस गेला की त्याच्याच नावावर खतवला जातो.

त्या टेस्टरच्या पोटात काय असतं? पुढं पातं. त्यामागं एक रोधक, साधारण दहा लाख ओहमचा. मग निऑनचा बारका दिवा, स्प्रिंग आणि टोपी. टोपीवर बोट ठेवलं की फेजमधून निघालेला प्रवाह रोधकातून दिव्यात, दिव्यातून बोटात आणि तुमच्या अंगातून जमिनीत उतरतो. परीक्षा घेणारे तुम्ही आहात हा तुमचा समज. खरं तर त्या जोडणीतली एक तार तुम्ही असता. २३० व्होल्टच्या वाटेत दहा लाख ओहम आले की मिलिअँपिअरचा चौथा हिस्साही धड वाहत नाही. तो जाणवत नाही, म्हणून तुम्ही घरी जाता. तुमच्या आणि फेजच्या मध्ये उभा असलेला हा रोधक एकमेव पहारेकरी, आणि त्याच टेस्टरने तुम्ही रंगाचा डबा उघडलेला असतो, स्टार्टरचा गंजका स्क्रू पिळलेला असतो, ट्रॅक्टरच्या बॅटरीची टोकं खरवडलेली असतात. आत काय तडकलंय ते बाहेरून दिसत नाही. ओल आत शिरली की प्रवाहाला रोधकाला वळसा घालून जायची वाट मिळते. मग टेस्टर जी माहिती देतो ती दिव्यातून देत नाही.

बरं, हे बिघडलेल्या टेस्टरचं झालं. कोरा करकरीत टेस्टरही करंट असताना नाही म्हणतो. निऑन पेटायला साठ ते नव्वद व्होल्ट लागतात आणि अंगातून जमिनीकडं जायला वाट लागते. पायात कोरडी जाड चप्पल आणि खाली फायबरची शिडी असली की दिवा एवढा मंद पेटतो की पेटला म्हणायचं की नाही हा वादाचा विषय. त्यात एप्रिलचं ऊन. परंड्याच्या नाहीतर भूमच्या माळावर दुपारी दोन वाजता निऑनची ती तांबूस रेघ ओळखणारा डोळा मला कुणीतरी दाखवाच. लोक काय करतात, तर टेस्टरवर दुसऱ्या हाताने सावली धरतात. एक हात टेस्टरला, दुसरा उघड्या पट्टीपासून चार बोटांवर, आणि बघायला डोकं पेटीत घातलेलं. याहून शहाणे आहेत ते टेस्टर नीट पेटावा म्हणून चपला काढून ओल्या सरीत उभे राहतात. अंगावर संरक्षणाची एकच गोष्ट होती, ती तपासणीसाठी बांधावर काढून ठेवायची!

आणि 'आहे' म्हणतो तेव्हा तरी तो खरं बोलतो का? अर्धंच बोलतो. डीपीवरचा एक फ्यूज उडालेला असतो. मोटार घुं घुं करते, उचलत नाही. मालक टेस्टर लावतो. पहिल्यात पेटला, दुसऱ्यात पेटला, तिसऱ्यातही पेटला. "तिन्ही फेज हायत की! म्हंजे मोटारच गेली." मग बोअरमधून मोटार उपसायची. माणसं, पाईप, दोरखंड, दिवसभराचा खोळंबा, आणि संध्याकाळी ती मोटार माझ्या टेबलावर. मी मेगर लावतो. वायंडिंग ठणठणीत. झालेलं असं असतं की मेलेल्या फेजच्या तारेवर, त्याच डीपीवरच्या इतरांच्या मोटारींच्या वायंडिंगमधून, उरलेल्या फेजांचा करंट उलटा आलेला असतो. निऑनला पेटायला तेवढा पुरतो. दोन-दोन फेजमध्ये मीटर धरला असता तर ४१५ च्या जागी भलतेच आकडे दिसले असते आणि मामला तिथंच मिटला असता. पण टेस्टरला आकडा सांगता येत नाही. त्याला फक्त लाल होता येतं.

इथं फार तर उपसायची मजुरी बुडते. हीच गोष्ट खांबावर घडली की माणूस बुडतो. फ्यूज काढला म्हणून लाईन मेली असं समजून वर चढलेल्याला शेजाऱ्याच्या मोटारीतून उलटा आलेला करंट खाली पाडतो. त्यात आपल्याकडची जुनी रीत अशी की आपल्या डीपीवरचा फेज गेला की पलीकडच्या डीपीवरून एक फेज ओढून आणायचा. पिकाला पाणी द्यायचंय, कोण थांबणार? ओढणारा ओढतो, विसरतो, आणि मग ही डीपी बंद केली तरी तिची एक तार दुसऱ्याच डीपीवर जिवंत राहते. मंगल कार्यालयाचं जनरेटर, दुकानातला इन्व्हर्टर, चेंजओव्हर स्विच न लावता जोडलेलं काहीही, हे सगळं बंद लाईनमध्ये उलटा करंट भरू शकतं. आमच्याकडं ताणाच्या तारेला चिकटून आधी शेळी मरते, मग म्हैस, आणि तरीही डीपीच्या पेटीला झाकण नसतं. फ्यूजच्या जागी ॲल्युमिनियमच्या तारेचा पीळ असतो. शेळ्यांसाठी जिल्ह्याचं नाव देशभर झालं, त्या उस्मानाबादी शेळीला लाईन टेस्टर म्हणून वापरणारा जिल्हाही हाच.

आणखी एक गोष्ट, जी टेस्टरच काय, जगातला सर्वात महाग मीटरही सांगू शकत नाही: पुढच्या मिनिटाला काय होणार. शेतीला वर्षानुवर्षं चक्राकार पद्धतीने वीज मिळत आली, कधी दिवसा आठ तास, कधी रात्री दहा तास. मध्यरात्री उठून कोण मोटार चालू करणार, म्हणून घरोघरी ऑटो स्विच बसले. लाईट आली की मोटार आपोआप सुरू. सोय झाली, नाही कोण म्हणतं? पण लाईट नसताना टेस्टर लावायचा, तो पेटत नाही हे बघून समाधानाने मान हलवायची आणि स्टार्टरच्या टर्मिनलला हात घालायचा, हे ज्याला सुचतं त्याने काय तपासलं? त्याने लोडशेडिंग तपासलं. मेन स्विच खाली ओढून किटकॅट फ्यूज काढून खिशात घालणं, एवढं साधं काम. पण त्याला वायरमनकी लागत नाही ना, म्हणून त्यात मर्दुमकी नाही.

टेस्टरवर ज्यांचा विश्वास नाही ते स्वतःला जाणकार समजतात आणि टेस्ट लॅम्प बाळगतात. होल्डर, बल्ब, दोन वायरी, टोकं सोललेली. एक काळ असा होता की त्यात तार-बल्ब असायचा आणि तो निदान प्रामाणिक होता. व्होल्टेज पडलं की पिवळा व्हायचा, फारच कमी असलं की नुसती तार लाल दिसायची. दोन फेजमध्ये धरायला दोन बल्ब सिरीजमध्ये लागतात एवढं ज्याला कळत नव्हतं त्याच्या तोंडावर एकच बल्ब फुटायचा. आता तार-बल्ब मिळणं अवघड झालं, म्हणून पोरांनी होल्डरमध्ये एलईडी घातला. एलईडी शंभर-सव्वाशे व्होल्टलाही तसाच उजळतो आणि अडीचशेलाही तसाच, कारण आतलं ड्रायव्हर सर्किट व्होल्टेजमधला फरक गिळून टाकतं. शेजारच्या तारेच्या प्रभावाने आलेल्या फुसक्या व्होल्टेजवरही तो मिणमिणतो. जुन्या पद्धतीतली जी अक्कल होती ती काढून घेतली आणि होल्डर तेवढा ठेवला.

सिरीज बल्बाबद्दल तर आमच्या धंद्यातलीच एक भाकडकथा आहे. वायंडिंग तपासताना फेजमध्ये बल्ब घालतात आणि म्हणतात, "बल्ब मधी हाय, शॉक बसला तरी मरत न्हाई माणूस." कुणी शिकवलं हे? शंभर वॅटचा बल्ब पूर्ण पेटतो तेव्हा त्यातून चारशेहून जास्त मिलिअँपिअर जातात. घामाने भिजलेल्या अंगाचा रोध हजार ओहम धरा. बल्ब मध्ये असूनही दोनशेच्या आसपास मिलिअँपिअर अंगातून जातील, आणि बल्ब धड पेटणारही नाही, म्हणजे बघणाऱ्यालाही कळणार नाही. घरातला आरसीसीबी ३० मिलिअँपिअरला का तुटतो? कारण त्याच्या पुढं हृदयाचा ताल बिघडू शकतो. बल्ब वायंडिंगला वाचवतो आणि फ्यूजला वाचवतो. माणसाला वाचवणं हे त्याचं काम कधीच नव्हतं.

याहून मोठा घोटाळा अर्थिंगच्या तपासणीत आहे, आणि इथं मला जरा सावकाश बोलू द्या, कारण या एका खेळावर गावंच्या गावं निर्धास्त झोपतात. फेज आणि अर्थ यांच्यात शंभर वॅटचा बल्ब लावायचा. पेटला झक्क. "अर्थिंग एक नंबर!" वायरमन पैसे घेऊन जातो. आता हिशेब करा. समजा त्या अर्थिंगचा रोध पन्नास ओहम आहे, म्हणजे अत्यंत भिकार. पेटलेल्या बल्बाचा रोध असतो सव्वापाचशेच्या पुढं. पन्नास ओहममध्ये वीसएक व्होल्ट पडतात, उरलेल्या दोनशे दहावर बल्ब मजेत पेटतो. तुम्हाला फरक दिसणारसुद्धा नाही. पण उद्या मोटारीचं इन्सुलेशन गेलं आणि फेज बॉडीला लागला, तर त्या पन्नास ओहममधून जेमतेम साडेचार अँपिअर जातील. पाच हॉर्सपॉवरची मोटार चालतानाच फेजला सात-साडेसात अँपिअर ओढते. मग तिचा फ्यूज साडेचारला कशाला उडेल? उडत नाही. मोटार चालू राहते, पाणी येत राहतं, आणि पाईप, पत्रा, स्टार्टरची पेटी सगळं जवळजवळ पूर्ण व्होल्टेजवर बसलेलं असतं, कुणीतरी ओल्या हाताने येण्याची वाट बघत. बल्ब पेटला होता ना? पेटला होता.

आणि आपली जमीन कशी? काळी असेल तर पावसाळ्यात चिकचिक आणि मार्चनंतर तडे पडून कोरडी ठक्क. मुरूम आणि खडक असेल तर बाराही महिने करंटला वाट द्यायला नाखूश. जुलैत ठीक असलेली अर्थिंग मे महिन्यात कामातून गेलेली असते. तिचा रोध मोजायचा तर अर्थ टेस्टर लागतो, दोन जादा खुंट्या ठराविक अंतरावर ठोकाव्या लागतात, आणि मोजायचा तो उन्हाळ्यात. हे यंत्र तालुक्यात किती जणांकडं आहे ते विचारून बघा. उत्तराऐवजी बल्ब दाखवतील. त्यातून एखादा महाभाग असा निघतो की तो बल्बही लावत नाही. मोटारीच्या बॉडीला उलटा हात लावून बघतो, सरळ लावला तर मूठ आवळेल म्हणून. एवढं शरीरशास्त्र त्याला माहीत असतं.

आता नवी पिढी. तिच्याकडं पिवळा मल्टीमीटर असतो, डीटी-८३०डी म्हणतात तो, शे-दोनशेच्या घरातला. वर कुठंतरी मोठा व्होल्टेजचा आकडा छापलेला. बॅटरी, रेडिओ, मोबाईलचा चार्जर तपासायला छान यंत्र आहे, माझ्या दुकानातही आहे. पण हे घेऊन पोरं डीपीच्या पेटीत उतरतात. मीटरवर नुसते व्होल्ट लिहिलेले असून चालत नाही; तो कुठं लावायचा त्याचाही एक दर्जा असतो. आयईसी ६१०१० या आंतरराष्ट्रीय मानकाने त्याचे कॅट दोन, तीन, चार असे वर्ग पाडलेत. घरातल्या सॉकेटला कॅट दोन, वितरणाच्या पॅनेलला तीन, आणि जिथं उघडी लाईन येऊन मिळते, म्हणजे सर्व्हिस वायर, डीपी, खांब, तिथं चार. का? कारण उघड्या लाईनवर वीज जवळपास कोसळली किंवा मोठा लोड एकदम तुटला की क्षणभरासाठी काही हजार व्होल्टचा तडाखा येतो. कॅट तीन, ६०० व्होल्टच्या मीटरने ६००० व्होल्टचा असा धक्का झेलायचा असतो. कॅट चारच्या तेवढ्याच व्होल्टच्या मीटरने ८०००. वळवाच्या पावसात मराठवाड्यात विजा कशा कोसळतात ते मी सांगायला नको, आणि मोटार बंद का पडली हे बघायला लोक डीपीकडं निघतात तेही नेमके त्याच संध्याकाळी. पिवळ्या मीटरच्या आत काचेचा बारका फ्यूज असतो आणि १० अँपिअरच्या भोकाला तर तोही नसतो. तसं त्या भोकाशेजारी छापलेलंच असतं, इंग्रजीत, म्हणून कुणी वाचत नाही. काल करंट मोजायला वायर त्या भोकात घातली होती, आज ती तशीच ठेवून व्होल्टेज मोजायला गेलात की तुम्ही मीटर लावत नाही, शॉर्ट लावता. सॉकेटवर फ्यूज उडून भागेल. डीपीच्या बसबारवर तो जाळ हातात आणि तोंडावर येतो. ब्रिटनच्या आरोग्य-सुरक्षा खात्याची जीएस ३८ नावाची मार्गदर्शिका सांगते की प्रोबचं उघडं टोक चार मिलिमीटरपेक्षा जास्त नसावं. आमच्या बाजारातल्या प्रोबचं टोक बोटाच्या पेरापेक्षा लांब. दोन पट्ट्यांमध्ये ते आडवं पडायला फार काही लागत नाही.

टूं टूं वाजणारा पेन आहे, त्याचंही कौतुक ऐकतो. न शिवता करंट ओळखतो. ओळखतो, बॅटरी उतरली नसेल तर. आर्मर्ड केबलच्या आतला ओळखत नाही. आणि शेजारच्या तारेमुळं मेलेल्या तारेवरही वाजतो. ढोबळ इशारा म्हणून ठेवा. त्याच्यावर जीव ठेवू नका.

आता साहेब लोकांकडं वळतो, नाहीतर त्यांना वाटेल की हा गडी गरिबांनाच बोलतो. दरवर्षी विद्युत सुरक्षा सप्ताह होतो. फलक लागतात, शपथ होते, चहा होतो. देशात विजेच्या धक्क्याने वर्षाला बारा हजारांहून जास्त माणसं मरतात, हे राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्याच अहवालांत आहे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या सुरक्षा नियमांत लिहिलं होतं की तारेवर किंवा यंत्रावर काम करणाऱ्या प्रत्येकाला हातमोजे, रबरी बूट, सेफ्टी बेल्ट, शिडी, अर्थिंगची साधनं, हेल्मेट आणि लाईन टेस्टर पुरवले पाहिजेत. त्याने ते स्वतःच्या पगारातून आणावेत असं कुठं म्हटलेलं नाही. पुढं २०२३ मध्ये नवे नियम आले. कागद अद्ययावत आहे. आणि खांबावर कोण आहे? झिरो वायरमन. सगळ्या गावाला माहीत असतो, कुठल्याच हजेरीपटावर नसतो. लाईनमनकडं इतकी गावं की तो कुठंकुठं पुरणार. मग गावातला एखादा धीट पोरगा हाताशी धरायचा, 'जरा फ्यूज टाक रे' म्हणायचं, महिन्याला काहीतरी हातावर ठेवायचं. त्याच्याकडं तारतंत्रीचा परवाना नाही, हातमोजे नाहीत, लाईन बंद करायचं परमिट मागण्याचा हक्क नाही. उपकेंद्राच्या ऑपरेटरला तो फोन करतो तो ओळखीवर. ऑपरेटरची पाळी बदलली की ओळखही बदलते.

तो चिकटला की वीज कायदा २००३ चं कलम १६१ जागं होतं. अपघाताची खबर, विद्युत निरीक्षकाची चौकशी, जबाब. मग तो तिथं कुणाच्या सांगण्यावरून चढला हे कुणालाच आठवत नाही. अनधिकृत व्यक्ती, स्वतःचा निष्काळजीपणा. काल रात्रीपर्यंत तोच अर्ध्या गावची लाईट चालवत होता.

मग करायचं काय, असं विचारणारे असतात आणि त्यांचा सूर असा की याच्याकडं उत्तर नसणार. आहे, आणि ते नवीन नाही. आयटीआयच्या वीजतंत्री आणि तारतंत्रीच्या पोरांना ते शिकवलेलं असतं, परीक्षेत लिहून ते मोकळे झालेले असतात. आधी वीज तोडा आणि कुणी परत जोडणार नाही असा बंदोबस्त करा: किटकॅट खिशात, पेटीला कुलूप, शेजारी एक माणूस उभा. मग मोजा, आणि मोजायला दोन टोकांचं साधन घ्या, दोन वायरींचा व्होल्टेज टेस्टर किंवा कॅट तीन-चारचा मीटर, म्हणजे तुमचं अंग त्या जोडणीत येणार नाही. पण मोजण्याआधी तोच मीटर जिथं करंट नक्की आहे तिथं लावून बघा, चालतो का. मग बंद केलेल्या तारेवर लावा: प्रत्येक फेज न्यूट्रलशी, प्रत्येक फेज अर्थशी, फेज फेजशी. आणि मग पुन्हा त्या जिवंत जागी लावून बघा, की मधल्या वेळात मीटरच तर मेला नाही. शून्य दाखवणारा मीटर आणि बंद पडलेला मीटर दिसायला एकच असतात. त्यानंतर तारा एकमेकींना जोडून अर्थ करा, म्हणजे उलटा करंट आलाच तर तो तिथं मरेल. स्टार्टरला कपॅसिटर असेल तर तो डिस्चार्ज करा, लाईट गेली तरी त्याच्या पोटात करंट राहतो. अकरा केव्हीच्या लाईनवर तर यातलं काहीही तुम्ही करायचं नाही. तिथं एबी स्विच उघडल्याचं डोळ्यांनी दिसलं पाहिजे, एचटीचा वेगळा डिटेक्टर आणि डिस्चार्ज रॉड पाहिजे, लेखी परमिट पाहिजे, आणि हे सगळं ज्याच्या हक्काचं आहे तोच माणूस पाहिजे.

"एवढं करत बसलं तर पाणी कवा द्यायचं?" हा प्रश्न मला नेहमी ऐकवला जातो. खरं सांगू, यात रागवण्यासारखं काही नाही; रात्री दोनला लाईट येणार आणि उसाचे शेंडे वाळतायत, त्याला मी व्याख्यान देणार नाही. पण एक मोटार भरायला तुम्ही मला जे पैसे देता तेवढ्यात चांगला मीटर येतो. दर हंगामाला मोटार भरणारे लोक मीटर महाग आहे म्हणतात तेव्हा माझा धंदा चालतो, एवढंच मी म्हणेन. आणि ज्यांचं म्हणणं असतं की आमचे तात्या आयुष्यभर टेस्टरवर काम करून म्हातारे होऊन गेले, त्यांना माझं उत्तर सोपं आहे: जे म्हातारे झाले नाहीत ते सांगायला येत नाहीत.

या सगळ्यात आता एक नवा प्रकार शिवारात शिरलाय, आणि त्याच्यापुढं टेस्टरवाले, बल्बवाले आणि पिवळे मीटरवाले सगळेच आंधळे आहेत. २०२४ पासून 'मागेल त्याला सौर कृषी पंप' ही योजना सुरू झाली. दहा टक्के हिस्सा भरा, अनुसूचित जाती-जमातीचे असाल तर पाच, आणि तीन, पाच किंवा साडेसात हॉर्सपॉवरचा पंप पॅनेलसकट बांधावर. योजना चांगली आहे, रात्रीची जाग वाचली. पण पॅनेलची ओळ उन्हात शेकडो व्होल्ट डीसी तयार करते आणि सूर्याला मेन स्विच नाही. त्या दोन तारांपैकी एकही सहसा जमिनीशी बांधलेली नसते, म्हणून एका तारेला टेस्टर लावला तर तो पेटेलच असं नाही. दोन्ही तारा एकदम धरणाऱ्याला मात्र पूर्ण व्होल्टेज मिळतं. वायरमन लोक वापरतात तो साधा क्लॅम्प मीटर प्रवाह मोजतो तो फक्त एसीचा. डीसीची वायर त्याच्या जबड्यात धरली, तिच्यातून कितीही अँपिअर जात असले तरी, तो बिनदिक्कत शून्य दाखवतो. हा शून्य बघून कनेक्टर खेचला की जाळ निघतो. एसीचा जाळ सेकंदाला शंभर वेळा शून्यावरून जातो, म्हणून बऱ्याचदा विझतो. डीसीच्या जाळाला तशी सवड नसते. तो ओढाल तेवढा लांब होतो.

बसवायला येणाऱ्या ठेकेदाराच्या पोरांना डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर दाखवा म्हणा. कनेक्टर उघडण्याआधी बंद करायचा डीसी आयसोलेटर कुठला ते दाखवा म्हणा, आणि त्यांच्यासमोर एकदा स्वतःच्या हाताने बंद करून बघा. अर्थिंगचा रोध मोजून आकडा कागदावर लिहून द्या म्हणा. पंप मिळाल्याची सही ते सगळ्यात आधी मागतात आणि त्यांना पुढच्या गावाला जायची घाई असते. असू द्या. सही तुमची आहे.